व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान: पहिल्या चिठ्ठीपासून फेरतपासणीपर्यंत

मार्च २०२३ मध्ये माझ्या मानसोपचारतज्ज्ञांनी चिठ्ठीवर औषधांच्या खाली एक ओळ लिहिली: 'पर्सनॅलिटी असेसमेंटसाठी पाठवत आहे.' फेरतपासणीचा शेवटचा कागद फाईलला लागला तो ऑगस्ट २०२४ मध्ये. मधल्या काळात मी जे शोधत होते ते इंटरनेटवर मिळालं नाही. लक्षणांच्या याद्या ढिगानं मिळाल्या, 'अशा माणसांपासून सावध राहा' छापाचे व्हिडिओ तर विचारूच नका. पण तपासणीला जाणाऱ्याला नेमकं काय विचारतात, एवढा वेळ का लागतो, रिपोर्टमध्ये काय लिहिलेलं असतं आणि दोन ठिकाणी दोन वेगळी नावं मिळाली तर काय समजायचं, हे कुणी सांगत नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. जे अनुभवलं, विचारून घेतलं आणि वाचलं, तेवढंच इथे आहे.

आधीची पार्श्वभूमी थोडक्यात. २०२२ च्या उत्तरार्धात मला डिप्रेशनसाठी औषधं सुरू झाली आणि ती लागू पडली. झोप परत आली, रडू थांबलं, कामावर लक्ष लागायला लागलं. तरीही दर भेटीत मी डॉक्टरांना सांगत असायचे त्या गोष्टी त्याच होत्या. मीटिंगमध्ये तोंड उघडवत नाही. बढतीचं विचारलं की मीच नाही म्हणते. कुणी मेसेजला उत्तर दिलं नाही की रात्रभर स्वतःचा इतका राग येतो की सकाळी त्या माणसाचा नंबरच काढून टाकते.

डॉक्टर म्हणाले, "डिप्रेशन उतरलंय. पण हे जे सांगताय ते डिप्रेशनसोबत आलेलं वाटत नाही. कधीपासून आहे?"

"पहिल्यापासूनच."

"पहिल्यापासून म्हणजे? शाळेपासून? कॉलेजपासून?"

नंतर कळलं की सगळी तपासणी याच प्रश्नावर उभी असते. डिप्रेशनचे झटके येतात आणि जातात. त्यांच्या आधीची आणि नंतरची माणसं वेगळी ओळखू येतात. व्यक्तिमत्त्व विकार म्हणायचा तर विचार करण्याची, भावना अनुभवण्याची, माणसांशी वागण्याची आणि स्वतःला आवरण्याची पद्धतच दीर्घकाळ एका साच्यात अडकलेली असावी लागते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांचं निदान कसं करायचं ते सांगणारा त्यांचा ग्रंथ) या चारांपैकी किमान दोन बाबतींत ती दिसावी लागते, तिची सुरुवात किशोरवयात किंवा तरुणपणी सापडावी लागते, ती घर, काम, मैत्री अशा बऱ्याच ठिकाणी पसरलेली असावी लागते आणि तिच्यामुळे माणसाला त्रास होत असावा किंवा त्याचं आयुष्य अडत असावं लागतं. नुसता स्वभाव चमत्कारिक असून भागत नाही.

हे आता शांतपणे लिहिते आहे, पण त्या दिवशी चिठ्ठी घेऊन बाहेर पडले तेव्हा चक्क अपमान झाल्यासारखं वाटलं होतं. डिप्रेशन म्हणजे मला झालेलं काहीतरी. हे मात्र 'तूच मुळात बिघडलेली आहेस' असं ऐकू आलं. ही भावना बहुतेकांना येते असं नंतर थेरपिस्टनी सांगितलं. तुम्हालाही आली तर ती घेऊनच पुढच्या अपॉइंटमेंटला जा आणि तिथे बोलून दाखवा. तीसुद्धा तपासणीच्या कामाची असते.

तपासणी लगेच झाली नाही. एक तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडची वेटिंग लिस्ट लांब होती, तिथली तारीख मिळाली जूनअखेरची. दुसरं म्हणजे डॉक्टरांनाच घाई नव्हती. डिप्रेशन जोरात असताना कुणालाही विचारलं तर तो म्हणतो, मी कायम असाच निरुपयोगी होतो, कायम एकटाच होतो. आजाराच्या चष्म्यातून मागचं सगळं आयुष्य तसंच दिसतं आणि व्यक्तिमत्त्वाची मोजणी फुगते. म्हणून मूड काही महिने स्थिर असेल तेव्हाच ती करायची. वाट पाहताना वैताग आला तरी हे कारण पटण्यासारखं आहे. मात्र आत्महत्येचे विचार येत असतील किंवा स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर असेसमेंटच्या तारखेची वाट पाहू नका. त्या उपचाराला कोणत्याही निदानाची गरज नसते, त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

मधल्या काळात बाकीच्या शक्यता तपासून झाल्या. थायरॉइडची रक्ततपासणी झाली. दारू किंवा इतर कशाची सवय आहे का, हे खोदून विचारलं गेलं. लहानपणापासून लक्ष लागण्याची अडचण होती का, कुठला मोठा आघात झाला होता का, हेही. बायपोलरचा (मूड टोकाला चढण्या-उतरण्याचा आजार) दुसरा प्रकार वगळायला मला काही आठवडे मूडची नोंद ठेवायला सांगितली. त्या प्रकारात वर चढलेला मूड सलग किमान चार दिवस टिकायला हवा, झोपेची गरज कमी होते, बोलणं आणि बेत वाढतात. माझ्या वहीत मात्र दुपारी बारापर्यंत बरं, एकनंतर वाईट, रात्री पुन्हा ठीक असं दिसत होतं आणि जवळजवळ प्रत्येक घसरणीपुढे कुणाचं तरी एखादं वाक्य लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी ती वही चाळली आणि बायपोलरवर काट मारली. अशी नोंद ठेवणार असाल तर मूडच्या आकड्याशेजारी 'त्याआधी काय झालं' हा रकाना ठेवाच. कामाचा तोच निघाला.

दुसरा गृहपाठ मी आपणहून केला होता, तो म्हणजे आयुष्याचा तक्ता. शाळेची वर्षं, कॉलेज, पहिली नोकरी, दुसरी नोकरी, मैत्रिणी, एक मोडलेलं नातं. प्रत्येकापुढे दोन-तीन खरी उदाहरणं. 'मी लाजाळू आहे' असं लिहिलं नाही. 'तोंडी परीक्षेच्या दिवशी गेलेच नाही' असं लिहिलं. मुलाखतीत याचा इतका उपयोग झाला की त्यासाठी बसलेली संध्याकाळ सार्थकी लागली.

याच काळात वर्गीकरण वाचून काढलं. डीएसएम-५ मध्ये दहा विकार आहेत आणि ते तीन गटांत विभागलेत. 'ए' गटात पॅरानॉइड, स्किझॉइड आणि स्किझोटायपल, म्हणजे इतरांना विचित्र किंवा तुटक वाटणारी माणसं. 'बी' गटात अँटिसोशल, बॉर्डरलाइन (भावना, नाती आणि स्वतःबद्दलची जाण सतत डळमळणं), हिस्ट्रिऑनिक आणि नार्सिसिस्टिक, जिथे भावना आणि वागणं उसळतं. 'सी' गटात अव्हॉइडंट, डिपेंडंट आणि ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह, जिथे मुळाशी भीती आणि काळजी आहे. या गटांचा गवगवा फार आहे, पण त्यांना गंभीर मर्यादा आहेत आणि ते संशोधनात सातत्यानं सिद्ध झालेले नाहीत, हे खुद्द डीएसएममध्येच छापलेलं आहे. परीक्षेला पाठ करायला बरे, एवढंच माझं मत. आणि एकेक यादी वाचत गेलं की माणसाला दहाच्या दहा विकार आपल्यात दिसतात, हेही सांगून ठेवते. यादीतली वाक्यं आपल्या सगळ्यांनाच थोडीफार लागू होतात. किती, किती वर्षं आणि कुठे कुठे, हे यादी विचारत नाही.

जूनअखेरीस पहिली बैठक झाली. त्याआधी घरी भरायला एक प्रश्नावली आली होती, १०६ प्रश्नांची, उत्तरं फक्त 'हो' किंवा 'नाही'. ही चाळणी असते. जिथे पुरेसे 'हो' येतात, त्याच विकारांचे विभाग मुलाखतीत उघडले जातात. मुलाखतीचा साचा ठरलेला असतो, पण ती वाचून दाखवलेल्या प्रश्नांसारखी वाटली नाही. कारण प्रत्येक 'हो'नंतर सायकॉलॉजिस्ट एकच गोष्ट मागायच्या: उदाहरण.

"लोकांशी फार संबंध येईल अशी कामं टाळता, असं लिहिलंय. शेवटचं कधी?"

"टीमचं काम वरिष्ठांपुढे मांडायचं होतं. मी बरं नाही म्हणून सांगितलं."

"त्याआधी?"

मी तक्त्यातून दोन प्रसंग वाचून दाखवले.

"टाळलंत ते दमला होतात म्हणून, रस नव्हता म्हणून, की लोक नावं ठेवतील म्हणून?"

"नावं ठेवतील म्हणून."

"आणि एकटं राहायला आवडतं? की माणसं हवी असतात, पण भीती वाटते?"

इथे मी बराच वेळ गप्प बसले. घरात आणि ऑफिसात माझी ख्याती 'हिला कुणी लागत नाही' अशी आहे आणि मीही ती मिरवत आले होते. शेवटी म्हटलं, "हवी असतात." त्यांनी कागदावर २ लिहिलं. शून्य म्हणजे लक्षण नाही, एक म्हणजे आहे पण निकषाइतकं नाही, दोन म्हणजे निकष पूर्ण. बाहेरून पाहणाऱ्याला एकसारखंच दिसणारं वागणं या एका प्रश्नानं वेगळं होतं, हे त्यांनी नंतर समजावलं. दमून टाळणं डिप्रेशनकडे बोट दाखवतं. माणसांची ओढच नसणं स्किझॉइडकडे. ओढ असून नकाराच्या धास्तीनं लांब राहणं अव्हॉइडंटकडे. नुसतं वागणं पाहून घरबसल्या निदान करणाऱ्यांचं गाडं बहुधा इथेच अडतं.

प्रत्येक लक्षण तीन कसोट्यांवर घासलं जात होतं: त्यानं खरंच नुकसान होतंय का, वर्षानुवर्षं आहे का, आणि एकाच ठिकाणी आहे की सगळीकडे. एक लक्षण माझं मलाच पक्कं वाटत होतं, ते तिसऱ्या कसोटीत गळलं. ते फक्त एका माजी वरिष्ठांपुरतं होतं. आणखी एक प्रश्न मला आवडला: "तुमच्या घरात सगळेच असे मितभाषी आहेत का?" माणूस ज्या वातावरणात वाढला तिथल्या अपेक्षांपेक्षा त्याचं वागणं स्पष्टपणे वेगळं असावं लागतं, नाहीतर अख्खं घरच विकारी ठरेल. आमच्याकडे उलट आहे, सगळे बडबडे.

नंतर चार पर्यायांची एक लांबलचक प्रश्नावली आली, २२० विधानांची. ती एका बैठकीत संपवायच्या भानगडीत पडू नका. शंभरीनंतर सगळी विधानं सारखी वाटायला लागतात आणि पेन आपोआप मधल्या रकान्यात जातं. मी विचारून घेतलं आणि मध्ये विश्रांती घेतली, त्याला कुणाची हरकत नव्हती.

मग ताईला बोलावलं. जवळच्या व्यक्तीची माहिती घेण्यासाठी माझी लेखी संमती लागली. आपल्याबद्दल आपल्या पाठीमागे कुणी बोलणार, ही कल्पनाच माझ्यासारखीला असह्य. फॉर्मवर सही करायला मी आठवडा लावला. पण ही पायरी का असते ते कळतं: स्वतःकडे पाहण्याची नजरच जिथे अडचणीत असू शकते, तिथे फक्त स्वतःचीच साक्ष कशी पुरेल? ताई तासभर आत होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मी एवढंच सांगितलं, की तुला कुणी जा म्हणायच्या आत तूच निघून जातेस." रिपोर्टमध्ये हे वाक्य जसंच्या तसं आलं. कुणाला बोलवायचं हे ठरवताना तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं माणूस निवडा. ज्याच्याशी सध्या वाद चालू आहे त्याला नको.

खर्चाचं एक बोलून घेते. मुलाखत, प्रश्नावल्यांचं गुणांकन, लेखी रिपोर्ट आणि तो समजावून सांगण्याची भेट हे बऱ्याचदा वेगवेगळं आकारलं जातं. मला हे पहिल्या बिलाच्या वेळी कळलं. फोनवर तारीख घेतानाच विचारा की आकारात काय काय धरलंय आणि समजावण्याची भेट त्यात आहे का. ती नसेल तर वेगळे पैसे देऊन घ्या, पण घ्या. रिपोर्ट घरी एकट्यानं वाचायचा कागद नाही. आरोग्य विमा असेल तर मानसिक आजारासाठी काय मिळतं आणि चाचण्या त्यात बसतात का, हेही आधीच लेखी विचारलेलं बरं.

रिपोर्ट ऑगस्टमध्ये मिळाला. सुरुवातीला इतिहास, मग कोणत्या चाचण्या केल्या, मग गुणांचे तक्ते, शेवटी निष्कर्ष. अव्हॉइडंट व्यक्तिमत्त्व विकार: सातपैकी चार निकष लागतात, माझे सहा भरले. बॉर्डरलाइन: नऊपैकी पाच लागतात, माझे चार. खाली शेरा होता, 'बॉर्डरलाइन लक्षणं लक्षणीय, पण निदानाइतकी नाहीत.'

माझी पहिली प्रतिक्रिया सुटकेची होती. बॉर्डरलाइनबद्दल जे वाचलं, ऐकलं होतं त्यामुळे ते नाव टळलं याचाच आनंद. दुसरी प्रतिक्रिया रात्री आली: एका निकषानं? 'रिकामं वाटतं' या प्रश्नाला एकऐवजी दोन पडले असते तर मी वेगळी बाई झाले असते का? हा प्रश्न समजावण्याच्या भेटीत विचारला. सायकॉलॉजिस्ट हसल्या आणि म्हणाल्या की या पद्धतीवरचा सगळ्यात जुना आक्षेप हाच. नऊपैकी किमान पाच, म्हणजे निकष जुळण्याचे २५६ वेगवेगळे मार्ग. एकच निदान असलेल्या दोन माणसांत एकच लक्षण समान असू शकतं. शिवाय एकाच माणसाला दोन-तीन विकारांचे निकष लागू होणं अगदी नेहमीचं. उंबरठा कुठेतरी आखावा लागतो, पण त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या माणसाचं दुखणं त्या रेषेनं बदलत नाही. उपचार ठरवताना त्या माझे चारही निकष धरणारच होत्या.

या बैठकीतली एक वेगळी आठवण. माझ्या टेबलाच्या टापटिपीवरून ताईला वाटायचं की मला ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर आहे. सायकॉलॉजिस्टनी दोन वाक्यांत निकाल लावला. ओसीडीत नको असलेले विचार घुसतात आणि माणसाला ते परके वाटतात. त्याच्याच नावासारखं नाव असलेल्या व्यक्तिमत्त्व विकारात काटेकोरपणा माणसाला आपला आणि योग्यच वाटतो, त्रास बहुधा आजूबाजूच्यांना होतो. माझं टेबल या दोन्हींत बसलं नाही. नुसतंच नीटनेटकं निघालं.

त्यानंतर माझे मूळ डॉक्टर दुसरीकडे गेले आणि नोव्हेंबरमध्ये मला नव्या ठिकाणी नाव नोंदवावं लागलं. तिथल्या पहिल्या मुलाखतीत एका शिकाऊ डॉक्टरांनी फाईल उघडून सोबत्याला सांगितलं, "पर्सनॅलिटी आहे, वेळ खाणार." माझ्यासमोर. त्या दिवशी उठून निघून जायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं (ताईचं वाक्य आठवलं, म्हणून बसले). असं कुणी बोललं तर वरिष्ठ डॉक्टरांच्या कानावर घाला. मी पुढच्या भेटीत घातलं आणि त्याची दखल घेतली गेली.

नव्या डॉक्टरांनी स्वतः पुन्हा मुलाखत घेतली आणि डिसेंबरमध्ये जो कागद दिला त्यावर अव्हॉइडंट हा शब्दच नव्हता. तिथे होतं: '६डी१०.१, व्यक्तिमत्त्व विकार, मध्यम. ठळक गुणविशेष: ६डी११.० नकारात्मक भावनिकता, ६डी११.१ अलिप्तता.' पोटात गोळा आला. इतके महिने वाट पाहून, ताईला बसवून, एवढे प्रश्न सोडवून जे निदान मिळालं ते चुकीचं होतं की काय?

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. म्हणाले, "वाद कुठेच नाही. त्यांनी डीएसएम वापरलंय, आम्ही आयसीडी-११." आयसीडी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण. त्याची ही अकरावी आवृत्ती जागतिक आरोग्य सभेनं मे २०१९ मध्ये स्वीकारली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिनं विकारांची जुनी नावं काढून टाकली. आता आधी एकच प्रश्न: व्यक्तिमत्त्व विकार आहे का? म्हणजे स्वतःबद्दलची जाण, स्वतःची किंमत, आयुष्याची दिशा यांत किंवा माणसांशी असलेल्या नात्यांत दीर्घकाळ, साधारण दोन वर्षं किंवा जास्त, अडचण आहे का? असेल तर किती: सौम्य, मध्यम की तीव्र. आणि मग हवं तर कोणत्या दिशेची, यासाठी पाच गुणविशेष: नकारात्मक भावनिकता, अलिप्तता, समाजविरोधी वृत्ती, असंयम आणि अतिकाटेकोरपणा. सहावी खूण बॉर्डरलाइन पॅटर्नची, ती जुन्या वर्गीकरणातून मुद्दाम राखलेली. विकाराच्या पातळीला न पोचणाऱ्या अडचणींसाठी वेगळी नोंद आहे, ती आजारात मोजली जात नाही.

मग त्यांनी माझा जुना रिपोर्ट या भाषेत वाचून दाखवला. सतत नाकारलं जाण्याची धास्ती, स्वतःबद्दल हीन भावना: नकारात्मक भावनिकता. माणसांपासून लांब राहणं, जवळीक टाळणं: अलिप्तता. दोन्ही मिळून जे होतं त्यालाच डीएसएमनं अव्हॉइडंट म्हटलं होतं. बॉर्डरलाइनचे माझे चार निकष बहुतांश पहिल्यातच सामावले होते. नव्या कागदानं एकच गोष्ट जास्तीची सांगितली, जी जुन्यात कुठेच नव्हती: हे किती आहे. मला विचाराल तर माझ्या उपयोगाची तीच होती. नावानं मला कोणत्या कप्प्यात ठेवायचं ते कळलं होतं. 'मध्यम' या शब्दानं थेरपी किती दिवस, किती वेळा आणि आधी कशावर, हे ठरलं.

डीएसएममध्येही असाच बदल होणार होता, हे मी नंतर वाचलं. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीसाठी तज्ज्ञांच्या गटानं तीव्रता आणि पाच गुणक्षेत्रांवर आधारलेलं नवं प्रारूप तयार केलं होतं. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकन संघटनेच्या विश्वस्तांनी जुने दहा विकारच मुख्य भागात ठेवले आणि नवं प्रारूप तिसऱ्या विभागात, पर्यायी म्हणून टाकलं. मी भरलेली २२० विधानांची प्रश्नावली त्याच प्रारूपासाठी बनलेली. म्हणजे माझ्या पहिल्या रिपोर्टच्या तक्त्यांतच दुसऱ्याचं बरंचसं उत्तर आधीपासून होतं, निष्कर्षात फक्त जुनी भाषा होती. तुमच्याकडे असे तक्ते असतील तर ते टाकू नका. नुसता निष्कर्षाचा कागद देत असतील तर गुणांसकट पूर्ण रिपोर्ट मागून घ्या.

ताईला आणखी एक शंका होती: हे बरं होतं का? तिला कुणीतरी सांगितलं होतं की व्यक्तिमत्त्व विकार जन्मभराचा. त्या समजुतीला इतिहास आहे. १९८० च्या डीएसएम-३ नं व्यक्तिमत्त्व विकार वेगळ्या दुसऱ्या अक्षावर, म्हणजे निदानाच्या वेगळ्या रकान्यात, नोंदवायला सुरुवात केली. हेतू चांगला होता, डॉक्टरांचं त्यांच्याकडे दुर्लक्ष होऊ नये. पण व्यवहारात पहिला अक्ष म्हणजे उपचाराचा आणि दुसरा म्हणजे न बदलणारा, असा समज रुजला. २०१३ मध्ये ते अक्ष गेले, समज अजून आहे. प्रत्यक्षात बॉर्डरलाइनच्या रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा करणाऱ्या अमेरिकेतल्या अभ्यासात बहुतेकांची लक्षणं निकषांच्या खाली उतरलेली आढळली. काम आणि नाती यांची घडी नीट बसलेले मात्र साधारण निम्मेच होते. डॉक्टरांनी दोन्ही अर्धी सांगितली, हे मला बरं वाटलं.

थेरपी जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, दर आठवड्याला. व्यक्तिमत्त्व विकारासाठी म्हणून खास गोळी नसते. माझी डिप्रेशनची औषधं चालू राहिली, पण मुख्य काम बोलण्याचं आणि करून पाहण्याचं. सुरुवातीचे दोन महिने मी थेरपिस्टनाही सोडून जायच्या बेतात होते. त्यांनी तो बेतच कामाला घेतला. उशीर झाला की मेसेजऐवजी फोन करायचा, मीटिंगमध्ये पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य बोलायचं, नंबर काढून टाकायच्या आधी चोवीस तास थांबायचं. वाचायला किरकोळ वाटेल. मला शेवटचं जमायला मे उजाडला.

ऑफिसला काय सांगायचं हाही प्रश्न आला होता. दर आठवड्याच्या सुट्टीसाठी पत्र हवं होतं. डॉक्टरांनी आपणहून विचारलं की निदान लिहू का. मी नको म्हटलं. 'माझ्याकडे उपचार चालू आहेत, आठवड्यातून एकदा वेळ लागेल' एवढ्यावर काम झालं. पत्रात काय जाईल हे तुम्ही विचारू शकता, आणि विचाराच.

ऑगस्टमध्ये फेरतपासणी झाली. या वेळी मुलाखत छोटी होती, ताईशी डॉक्टर फोनवरच बोलले. नव्या कागदावर ६डी१०.० आहे, सौम्य. नकारात्मक भावनिकता तशीच नोंदलेली, अलिप्तता काढलेली. पहिलं का राहिलं असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "माणसांत जायला लागलात म्हणून भीती गेली असं नाही." खरं आहे. या महिन्यापासून ग्रुप थेरपीत नाव घातलंय, त्याची धास्ती अजून पोटात आहे. पुढची तपासणी कधी, याला ठरावीक तारीख नाही. पुन्हा डिप्रेशन आलं तर आधी ते बरं करायचं आणि मगच हे मोजायचं. तोवर फाईलमध्ये दोन्ही रिपोर्ट, गुणांचे तक्ते आणि मूडची वही एकत्र ठेवली आहे, म्हणजे पुन्हा डॉक्टर बदलावे लागले तर पहिल्यापासून सांगत बसायला नको.